कोणाची हळद?

सांगलीच्या बाईनं हळद आणायला नांदेडला जायचं, हे चारचौघींत सांगताना मला स्वतःलाच हसू येत होतं. आमच्या गावात हळदीचे सौदे निघतात, पेठेतून नुसती रिक्षा गेली तरी पदराला वास लागतो. शेजारच्या पाटीलबाई म्हणाल्या, “मग पुढच्या खेपेला द्राक्षं आणायला कुठं, राजस्थानात का?” त्यांना कारण सांगायचं तर आमच्या ह्यांच्याबद्दल सांगावं लागलं असतं, आणि त्याची मला हौस नव्हती. आता जाऊन आले आहे, तर सांगते. ज्यांना जायचं असेल त्यांनी वाचून काय ते ठरवावं.

हे म्हणजे माझे यजमान. सगळी नोकरी वीज खात्यात झाली. आता विसरतात. चष्मा वगैरे सगळेच विसरतात, तसं नव्हे. ह्यांना गावातला एकूण एक विजेचा खांब पाठ आहे. कुठंही सोडलं तरी खांब बघत बघत बरोबर घरी येतात. हरवलंय ते घरातलं माणूस. लग्न झाल्यापासून मी ह्यांना ‘अहो’ म्हणत आले आणि हे मला ‘अगं’. नाव घ्यायची पद्धत दोघांनाही नव्हती. गेल्या दिवाळीपासून हे मला ‘अहो’ म्हणायला लागले. “अहो बाई, पाणी मिळेल का?” माझ्या मैत्रिणी म्हणाल्या, किती सुसंस्कृत आहेत गं! नवरा उतारवयात एकाएकी मान द्यायला लागला, की आपण त्याला परक्या झालो, हे त्यांना कळावं तरी कसं?

डॉक्टरांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि यानं फार तर घसरण जरा सावकाश होईल, असं खरं खरं सांगून टाकलं. खरं बोलणारा डॉक्टर कुणाला आवडतो? मला एवढंच हवं होतं, की ह्यांनी मला पुन्हा ‘अगं’ म्हणावं. गोळीनं म्हणोत, भाजीनं म्हणोत, नाहीतर अंगाऱ्यानं म्हणोत.

इथं आमचे प्रभाकर भावजी शिरले. हे माझे धाकटे दीर. नांदेडला इंजिनियरिंग शिकवून निवृत्त झाले आणि विष्णुपुरीच्या बाजूलाच घर बांधून राहिले. त्यांचा फोनवर रोज सकाळी एक संदेश येतो. एके दिवशी अक्रोड, कारण तो मेंदूसारखा दिसतो. त्या हिशेबानं फ्लॉवर खाणारे सगळे विद्वान व्हायला हवेत. मग जवस, मग ब्राह्मी, मग कुठल्याशा परदेशी झुडपाचा पाला. शेवटी गाडी हळदीवर येऊन थांबली. हळदीत कर्क्युमिन नावाचा पिवळा घटक असतो, त्यानं गेलेली स्मृती परत येते, त्याच्या कॅप्सूल निघाल्या आहेत आणि नांदेडला त्याचं मोठं शिबिर आहे. “वहिनी, दादाला घेऊन या. पस्तावायची वेळ येणार नाही.”

निघायच्या दिवशी ह्यांनी विचारलं, “कुठं निघालोय आपण?” मी बॅगेच्या चेनशी झटापट करत होते. बोलून गेले, “हळदीला.”

“अरे वा! कोणाची?”

झालं. आपल्याकडं हळदीला जाणं म्हणजे काय, हे जगातलं सगळं विसरलेल्या माणसालाही विसरता येत नाही, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ह्यांनी कपाटातून लग्नाकार्याचा सफारी काढला, आहेराचं पाकीट मागून घेतलं, वरच्या खिशात ठेवलं, आणि खिशावर हात ठेवूनच गाडीत बसले.

नांदेड

स्टेशनवर भावजी नव्हते. रोज भिजवलेले बदाम, अक्रोड आणि भोपळ्याच्या बिया खाणारा माणूस आम्हाला न्यायला यायचं विसरला होता. फोन केला तर म्हणाले, “अरेच्चा! आज का?” मी हसले नाही. प्रवासानं कंबर धरली होती, नाहीतर हसले असते.

रिक्षावाल्यानं विचारलं, “कुठं जाऊन राहिले, मावशी?”

“विष्णुपुरीला.”

“हाव, बसा की. काका लई नटून आले, लगीन हाय काय?”

“हळद आहे,” हे म्हणाले. “मुलीकडचे की मुलाकडचे, ते अजून कळलेलं नाही.”

“खाऊन घ्या, काका. मंग कळंल.” रिक्षावाल्यानं विषय एका फटक्यात मिटवला. ह्यांच्याशी बोलताना एवढी अक्कल आमच्या नातेवाइकांत एकालाही सुचलेली नाही.

भावजींच्या घरी आमच्या जाऊबाई नव्हत्या. त्या मुलीच्या बाळंतपणाला गेलेल्या. स्वयंपाकघर पूर्ण भावजींच्या ताब्यात, त्यामुळं ओट्यावर वाट्याच वाट्या. एकीत मेथ्या भिजलेल्या, एकीत जवस, एकीत ओळखू न येणारं हिरवं काहीतरी. बरं तर बरं, कामाला येणाऱ्या बाईंनी आमच्यासाठी सुशीला केला होता. तुम्ही खाल्ला नसेल, तर सांगते. चुरमुरे पाण्यात भिजवून, पिळून, कांदा-मिरची-दाण्याच्या फोडणीवर परततात. आम्ही सांगलीची माणसं चुरमुरे कुरकुरीत राहावेत म्हणून भडंग डब्यात कोंडून ठेवतो, आणि इथले लोक चुरमुरा दिसला की आधी बुडवतात. चव मात्र झकास. ह्यांनी दोनदा घेतला. भावजींनी वरून जवसाची पूड भुरभुरवली आणि चांगल्या सुशील्याची माती केली.

संध्याकाळी विष्णुपुरीच्या धरणाकडं फिरायला गेलो. आमची कृष्णा चिंचोळी आणि घाईची, ही गोदावरी धरणामुळं अडून पसरून बसलेली. पाण्यावर ऊन होतं, पलीकडं हिरवा पट्टा दिसत होता. भावजी बगळे दाखवत होते. हे विजेच्या तारांकडं बघत म्हणाले, “लाइन फार सैल सोडलीय. वाऱ्यात स्पार्किंग होईल.” मग माझ्याकडं वळून, अगदी अदबीनं, “अहो, तुम्ही याच गावच्या का?”

मी म्हटलं, “नाही, मीपण पाहुणीच.”

दुसऱ्या दिवशी शिबिराआधी भावजींनी जुन्या गावातल्या मसाल्याच्या दुकानी नेलं. शुद्ध हळद घरी असावी म्हणून. दुकानदार रशीदभाई. दुकान आजोबांपासूनचं, माणूस गप्पिष्ट.

“हल्दी कोणती देऊ, ताई? सालनवाली, म्हंजी भाजीची, का याददाश्तवाली?”

“दोन्हीत फरक काय?”

“याददाश्तवाली बरणीत हाय, सालनवाली पोत्यात हाय.”

“पण हळद तीच ना?”

रशीदभाईंनी इकडंतिकडं बघून आवाज खाली आणला. “अल्लानं तर एकच पैदा केली, ताई. गिऱ्हाइकाला दोन पाहिजेत, तर म्या काय करू? शिबिराचे बोर्ड लागले तव्हापासून पोत्याकडं कोणी बघून न राहिलं. मंग पोत्यातली काढून बरणीत भरली.”

एवढं सगळं शेजारी उभं राहून ऐकल्यावर भावजींनी हळद घेतली. बरणीतली.

मंगल कार्यालयात

शिबिर एका मंगल कार्यालयात होतं. आदल्या दिवशीच्या लग्नाची सजावट तशीच. स्टेजमागं थर्मोकोलचे दोन बदाम, आणि नवरानवरीच्या नावांवर कॅप्सूलचं बॅनर ताणलेलं. बॅनर आखूड पडल्यामुळं खाली ‘शुभविवाह’ स्वच्छ दिसत होतं. दारात दोन मुलींनी प्रत्येकाच्या कपाळाला हळद लावली आणि हळदीच्या दुधाचा पेला हातात दिला. पंखे, खुर्च्या, सनईची कॅसेट. आता ह्यांना समजावण्यात अर्थ नव्हता.

“व्यवस्था चांगली ठेवलीय,” हे मला म्हणाले. “मुलीकडचे लोक तालेवार दिसतात.”

स्टेजवर स्मृतिगुरू आले. त्यांनी स्वतःला दिलेली ती पदवी. पिवळं जाकीट, पिवळा रुमाल, डोक्यावर केस नाहीत. ते म्हणाले, माणसाचा मेंदू गंजतो आणि हळद तो गंज खरवडून काढते. हळदीनं गंज निघत असता तर आमच्या गच्चीच्या कठड्याला मी रंग कशाला दिला असता? पण लोक माना डोलवत होते. नुसती हळद अंगी लागत नाही, आतड्यातून तशीच निघून जाते, म्हणून आपण त्यात मिऱ्याचा अर्क घातलाय, असंही ते म्हणाले. हे बाकी खरं होतं, ते मला नंतर कळलं. अशा माणसांच्या बोलण्यात थोडं खरंही असतं, म्हणून तर पंचाईत होते.

देगलूरहून आलेली एक बाई उभी राहिली. “साहेब, माजी सासू ऐंशीच्या पुढं गेली. तिला देऊ का?”

“अवश्य द्या, माउली.”

“न्हाई, तसं न्हाई. तिला समदं आठवतंय. माज्या लग्नात किती भांडे कमी आले ते बी. इसरायचं काही औषध हाय का?”

अख्खा हॉल हसला. मीही हसले. त्या बाईची सासू मला हवी होती, आणि तिला माझा नवरा. दोघींनी अदलाबदल केली असती.

मग गुरूंनी मुख्य सूचना केली. कॅप्सूल सुरू केल्या की डॉक्टरांच्या गोळ्या बंद. सगळ्याच. दोन्ही एकदम दिलं की शरीर गोंधळतं. भावजींनी मला कोपरानं ढोसलं. ह्यांना विसरण्यावरच्या गोळ्यांबरोबर रक्त पातळ ठेवायचीही गोळी आहे, काळजाच्या दुखण्यापासूनची. “तीसुद्धा?” मी हळूच विचारलं. “सगळ्याच म्हणाले ना,” भावजी म्हणाले.

मी मान वळवून बघते तो खुर्ची रिकामी. हे स्टेजच्या पायऱ्या चढत होते. सफारीच्या खिशातलं आहेराचं पाकीट काढलं, स्मृतिगुरूंच्या हातात ठेवलं, त्यांचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि माइकमध्ये स्पष्ट ऐकू आलं, “उशिरा का होईना, जमलं हे चांगलं झालं. आता सुखानं नांदा. मुलीला जपा.”

गुरू क्षणभर गडबडले. पण धंद्यात मुरलेला माणूस. त्यांनी पाकीट जाकिटात सारलं आणि ओरडले, “बघा! काका येताना हाताला धरून आणले होते. हळदीचा एक पेला पोटात गेला, आणि स्वतःच्या पायांनी वर आले, आशीर्वाद दिला!” टाळ्यांचा कडकडाट. ह्यांनी हात जोडून सगळ्यांना नमस्कार केला. भावजींनी त्या टाळ्यांतच जाऊन कॅप्सूलची मोठी डबी घेतली आणि माझ्या हातात दिली. मी ती पर्समध्ये टाकली.

जेवणाची घोषणा झाली आणि हॉल ओस पडला. तेवढ्यात एका तरुण मुलीला बोलायला उभं केलं. डॉक्टर सबा, लातूरच्या एका महाविद्यालयात खाण्यापिण्यातल्या घटकांवर संशोधन करते. शिबिराला शास्त्राचा मुलामा हवा म्हणून तिला बोलावलं असणार, आणि मुलामा जेवणाच्या आड येऊ नये म्हणून शेवटी ठेवलं असणार. समोर आम्ही दोघं आणि खुर्च्या गोळा करणारी माणसं. आम्ही बसलो, कारण हे उठेनात. “ही करवली दिसते,” हे म्हणाले. “पोरीचं कुणी ऐकत नाहीये, बसू या जरा.”

तिनं थोडक्यात आटोपलं. काचेच्या नळीत हळदीतले घटक आशा दाखवतात. उंदरांत दाखवतात. माणसांत अजून ठाम काही हाती आलेलं नाही. काम चालू आहे, आणि काम चालू आहे म्हणजे औषध मिळालं असं नव्हे.

ती खाली उतरल्यावर मी तिला गाठलं आणि रक्त पातळ करायच्या गोळीचं सांगितलं. तिचा चेहरा एकदम बदलला.

“काकू, भाजीतली हळद खुशाल खाऊ द्या. पण हा अर्क त्या गोळीसोबत तुमच्या डॉक्टरांना विचारल्याबिगर देऊ नका. रक्तस्राव होऊ शकतो. आणि ती गोळी बंद तर अजिबात करू नका.” मग जरा थांबून, “लातूरला आलात तर या माझ्याकडं. शांतपणे बोलू.”

भावजी पंगतीत होते. त्यांनी यातलं काही ऐकलं नाही. आणि आपला फोन पंगतीत विसरून आले, तो आणायला रिक्षा अर्ध्या वाटेतून वळवावी लागली.

जळकोट

भावजींच्या मेहुणीचं शेत जळकोटच्या पुढं आहे. “बाजारात भेसळ असते, वहिनी. शेतातली हळद बघा, मग बोला.” गाडी ठरवून कंधारवरून निघालो. डोंगर म्हणावा तर फार बुटका, माळ म्हणावा तर फार खडबडीत, असा मुलूख. ऊन आत्ताच तापायला लागलेलं. हे मागच्या सीटवर झोपले होते.

भावजी पुढून मागं न बघताच बोलायला लागले. “तुम्ही मला हसता, वहिनी. मला कळतं. पण आमच्या वडिलांचं असंच झालं. आता दादाचं. पुढं कोण आहे?”

इतके दिवस मला वाटत होतं, ह्या वाट्या ह्यांच्यासाठी भिजतात. माणूस भ्यालेला होता. मला त्यांची दया आली, आणि त्यांनी दिलेला जवसाचा लाडू मी पहिल्यांदाच मुकाट्यानं खाल्ला. चव सुधारली नव्हती.

शेतावर हळद शिजवणं चालू होतं. मोठाल्या टाकीत वाफ सोडलेली, झाकण उघडलं की ढग वर जाई. शिजलेली हळकुंडं ताडपत्रीवर पसरायची, मग ती उन्हात दिवसेंदिवस वाळणार, मग घासून पॉलिश होणार. आपण डब्यातली हळद हुंगतो तसा हा वास नाही. मातीचा, कापराचा, ओल्या लाकडाचा, सगळ्यांचा मिळून आहे, आणि तो अंगाला चिकटतो. काम करणाऱ्या बायका कोपरापर्यंत पिवळ्या. भावजींची मेहुणी इंदूबाई पदर खोचून पुढं आली. तिचे तर गालही पिवळे.

“या की ओ, दादा. बसा हितं बाजंवर. हळद लागायली बघा, ही एवढी उतरली की मंग जेवाय बसू.”

ह्यांचा चेहरा उजळला. “म्हणजे अगदी वेळेवर आलो!”

“हाव! पाव्हणे कव्हा बी वेळेवरच येतेत.”

जेवण झाडाखाली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, तुरीचं घट्ट वरण, वर कच्चं तेल. आमच्याकडं आमटी पातळ करून भुरकायची रीत, इथं वरण इतकं घट्ट की भाकरीला धरून राहतं. पुड्या, अर्क, कॅप्सूल यांचं नाव नाही, आणि ताटातल्या प्रत्येक गोष्टीला हळद लागलेली. मी दोन घास जास्त खाल्ले.

जेवण झाल्यावर मी ताडपत्रीच्या कडेला बसले होते. हे उठले, ढिगातलं निवलेलं एक हळकुंड घेतलं, दोन्ही हातांत चुरलं, पाण्याचा थेंब घातला. मला वाटलं, चाळा करताहेत. मग माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या गालावर हळद लावायला लागले. आधी उजव्या, मग डाव्या. बायका काम थांबवून बघायला लागल्या.

“अगं, मान वर कर,” हे म्हणाले. “ओघळ जातोय साडीवर.”

मी मान वर केली. मला आठवत होतं, आमच्या हळदीच्या दिवशी उष्टी हळद लावताना माझ्या नव्या साडीवर ओघळ गेला होता, आणि हे दारातून बघत होते. मी श्वाससुद्धा जोरात घेतला नाही. म्हटलं, हललं तर जाईल. ह्यांचे डोळे अगदी नेहमीचे होते, लाइन तपासायला जायच्या आधी घरात सगळं ठीक आहे ना बघायचे, तसे.

इंदूबाई म्हणाली, “आता गं बया! म्हाताऱ्यानं नवरी केली की.”

ह्यांची नजर माझ्यावरून मागं गेली. मागं विहिरीच्या मोटरीची पेटी होती, झाकण लोंबकळत. हे ताडकन उठले. “ही पेटी कुणी उघडी ठेवली? माणूस मरेल एखादा!” पेटी बंद केली, काडीनं कडी अडकवली, परत आले, आणि माझ्याकडं बघून थबकले. “अहो बाई, तुमच्या गालाला काहीतरी लागलंय.”

मी पदरानं पुसलं. निघालं नाही.

भावजींचा आनंद गगनात मावत नव्हता. “वहिनी, गुण आला! कॅप्सूलचा गुण आला!”

“कॅप्सूल माझ्या पर्समध्ये आहेत, भावजी. सील फोडलेलं नाही.”

भावजींनी लगेच वाट बदलली. “मग वासानं! वास नाकातून थेट मेंदूत जातो.” आणि तिथंच, बांधावर उभं राहून, त्यांनी घरच्या सगळ्या मंडळींना संदेश धाडला. परतीच्या प्रवासात तोच संदेश मला साताऱ्याच्या एका मावसबहिणीकडून आला. तोवर त्यात ‘नांदेडचे एक निवृत्त न्यायाधीश’ असं झालं होतं, आणि खाली, न वाचता पुढं ढकलू नका, अशी सक्त ताकीद होती.

पण मी कोणाला हसू? सगळ्यांची टिंगल करत इथवर आलेली मी, बायका पांगल्यावर झाडामागं गेले, डबीचं सील नखानं फोडलं आणि एक कॅप्सूल तळहातावर घेतली. एका वासानं एक ‘अगं’ मिळालं, तर या एवढ्याशा पिवळ्या थेंबानं किती मिळतील? बाजेवर पडलेल्या ह्यांच्या कपाळावरच्या घामाकडं बघत मी बराच वेळ उभी होते. मग त्या मुलीचा बदललेला चेहरा आठवला. कॅप्सूल परत डबीत टाकली आणि भावजींना म्हटलं, “उद्या लातूर.”

लातूर

सबाची प्रयोगशाळा म्हणजे एक लांबट खोली, बाटल्या, एक मोठा फ्रिज आणि पलीकडच्या दालनात उंदरांचे पिंजरे. पांढरे, गुबगुबीत, आमच्या घरातल्यांपेक्षा कितीतरी सुखी. हे पिंजऱ्यांवरच्या दिव्यांची जोडणी बघत राहिले, भावजी भिंतीवरचे तक्ते वाचत राहिले.

“उंदराला आठवतंय हे तुम्हाला कळतं कसं?” मी विचारलं.

“पाण्यात सोडतो, काकू. पाण्याखाली एक पाट लपवलेला असतो. कालची वाट आठवली तर पोहत बरोबर त्याच्यावर जाऊन उभा राहतो.”

“वाट तर ह्यांनाही आठवते. खांब बघून घरी येतात. उंदराला बायको आठवते का, ते नाही तपासलं कुणी?”

ती हसली, मग हसायची थांबली. “तेवढं मोजायचं यंत्र न्हाई हो आमच्याकडं.”

मी तिला शेतावरचं सगळं सांगितलं. डबी पुढं ठेवली. फोडलेलं सील तिनं पाहिलं आणि त्यावर काही बोलली नाही, हे मला फार बरं वाटलं.

“असं होतंय, काकू. जुनं, लई खोल गेलेलं, ते उशिरा जातं. वास आला, सगळ्यांनी हळद हळद म्हटलं, आणि एक दार थोडं उघडलं. याला औषध म्हणता येत न्हाई.”

“पुन्हा उघडेल?”

“उघडंलही. न्हाईही उघडणार. मी खोटं कशाला बोलू?”

मी म्हटलं ना, खरं बोलणारा डॉक्टर कुणाला आवडतो? पण ही मला आवडली. भावजी तक्त्यावरून वळून म्हणाले, “पण शक्यता आहे ना? नाकारता तर येत नाही?” सबानं त्यांच्याकडं नीट बघितलं आणि म्हणाली, “काका, तुम्ही रोज चालता का? नीट झोपता का? बीपी तपासलं का? आधी ते करा.” भावजींनी मान हलवली. हे सगळं फुकट असल्यामुळं त्यांना फारसं पटलेलं दिसलं नाही.

निघताना हे तिला म्हणाले, “करवलीबाई, कार्य छान झालं. फक्त मीठ कमी होतं.”

परत सांगलीत

गावी आल्यावर आमच्या डॉक्टरांना डबी दाखवली. त्यांनी सबाचंच सगळं दुप्पट आवाजात सांगितलं. डबी मी फेकली नाही, वापरलीही नाही. देवाजवळच्या फडताळात आहे. जळकोटची हळद तेवढी स्वयंपाकाच्या डब्यात भरली. पाटीलबाईंनी चमचाभर मागून नेली आणि आपल्यासारखी नाही, असं सांगून गेल्या. गालाचा पिवळेपणा जायला बरेच दिवस लागले. मी घासला नाही.

‘अगं’ पुन्हा आलं नाही. परवा दुपारी हे जेवायला बसले होते. आमटीचा पहिला भुरका घेतला आणि हात थांबला.

“अहो बाई, आपण मध्ये त्या हळदीला गेलो होतो ना. कोणाची होती?”

“आपल्याच घरातली.”

“नवरी पाहिलीत तुम्ही?”

“पाहिली.”

“कशी होती?”

“बरी होती. जरा हट्टी होती.”

ह्यांनी ताटातला भात एका कडेला घेतला. मग काळजीच्या सुरात, अगदी हळू आवाजात विचारलं, “आणि मुलगा? सांभाळेल ना तो तिला?”

“सांभाळलं त्यानं,” मी म्हटलं.

“मग झालं तर.” ह्यांनी समाधानानं वाटी पुढं केली. “अहो, आमटी वाढता का थोडी?”